डेअरीच्या भिंतीवरचं माझं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. "डॉक्टर असूनही," असं लोक पुढे जोडतात. दवाखान्याखालचे मेडिकलवाले म्हणतात, बारामतीत तुमची एकटीचीच चिठ्ठी पेशंटला वाचता येते. औषधाचं नाव मी इंग्रजीत लिहिते आणि त्याच्यापुढे मराठीत, मोकळ्या अक्षरात, ते कधी घ्यायचं ते: सकाळी नाश्त्यानंतर, रात्री जेवणाआधी. ही सवय मला मेडिकल कॉलेजने लावली नाही. ती गुरुजींनी लावली.

गुरुजी आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला. पाचवी ते सातवी त्यांनी आम्हाला जवळजवळ सगळेच विषय शिकवले. रोज एक पान शुद्धलेखन असायचं. तपासताना ते हात सरळ करून वही लांब धरायचे आणि तेवढ्या अंतरावरून वाचता आलं तरच बरोबरची खूण करायचे. माझ्या 'श'ची गाठ नीट येत नसे, म्हणून एकदा त्यांनी माझ्याकडून चार पानं नुसता 'श' लिहून घेतला. कॉपी त्यांना अजिबात खपत नसे. शेजारच्याचं बघून लिहिलेल्या बरोबर उत्तराला शून्य, आणि स्वतःच्या डोक्याने लिहिलेल्या चुकीच्या उत्तराला निम्मे गुण, असा त्यांचा हिशेब होता.

आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा गुरुजी सायकलवरून आमच्या मळ्यात आले आणि डाळिंबाच्या ओळीत उभ्या उभ्याच आण्णांशी बोलले. आण्णा म्हणजे माझे वडील.

"हिला बारामतीला सायन्सला घाला."

"लांब पडतंय, गुरुजी."

"पुण्याच्या मार्केटला डाळिंब धाडता तेव्हा नाही पडत लांब?"

आण्णा हसले. त्या पावसाळ्यात मी बारामतीत होते. पुढचं सगळं, एमबीबीएस, एमडी, स्वतःचा दवाखाना, त्या एका वाक्याच्या मागून आलं असं मी मानते. आजही मानते. म्हणून जे घडलं ते सांगताना मला अजून नीट शब्द सापडत नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारची ओपीडी उरकत आली होती आणि गुरुजींच्या मुलाचा फोन आला. तो लोणी देवकरला कारखान्यात आहे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, पण मी डॉक्टर झाल्यापासून मला ताई म्हणतो.

"ताई, बाबा पडलेत. शुद्धीत हायेत, पन उभंच ऱ्हाइनात. गाडीत घातलंय, निगालोय."

मी जिथे पेशंट ठेवते त्या हॉस्पिटलच्या आयसीयूत त्याला सरळ यायला सांगितलं. मी तिथे पोचले तेव्हा सिस्टरांनी सलाईन लावलं होतं. गुरुजी डोळे मिटून पडले होते. ओठ कोरडे, हातपाय गार, वरचं बीपी सत्तर. मुलगा म्हणाला, चार दिवस जुलाब आणि उलट्या होत होत्या. मला वाटलं, पाणी कमी झालंय, सलाईनने उठतील. एक बाटली गेली, दुसरी गेली. बीपी सत्तरच. हृदयाचा आलेख ठीक होता. शुगर कमी होती. रक्तातलं मीठ कमी होतं. तिसरी बाटली लावली आणि मी त्यांच्या उशाशी उभी राहून नुसती बघत राहिले.

दीडेक वर्षात मी त्यांना पाहिलं नव्हतं. चेहरा गोल झाला होता, भरल्यासारखा. हातपाय मात्र काटक्या. दंडावर, मनगटावर जांभळे डाग होते आणि सुई टोचली त्या जागची कातडी जुन्या वहीच्या पानासारखी सुटून आली होती. हे चित्र मी शेकडो वेळा पाहिलेलं आहे. विद्यार्थिनी असताना परीक्षेत लिहिलेलं आहे. पण गुरुजींच्या अंगावर ते मला वाचताच आलं नाही, काही मिनिटं गेली.

बाहेर येऊन मी मुलाला विचारलं, "बाबांना कसली गोळी चालू आहे?"

"गुडघ्याची."

"कोणी दिली?"

मी चेष्टा करतेय असं त्याला वाटलं असावं. "आवं ताई, तुमचीच हाय की."

"मी गुरुजींना कधी गोळी लिहून दिलेली नाही."

"असं कसं? ही बघा." त्याने फोन काढला, फोटो शोधला आणि मोठा करून माझ्यापुढे धरला.

माझं लेटरहेड. माझं अक्षर. 'सकाळी नाश्त्यानंतर दोन.' नाश्त्याच्या 'श'ला मी गुरुजींनी शिकवलेली गाठ घातली होती. औषध स्टेरॉईड होतं. खाली पित्ताची गोळी, कॅल्शियम. वर पेशंटच्या नावाची जागा कोरी. फोटोत कागदावर ट्यूबलाइटचा उजेड चमकत होता, म्हणजे कागद प्लास्टिकखाली होता. कडेला दुसऱ्या एका तक्त्याचा कोपरा दिसत होता आणि त्यावर लिहिलं होतं: 'डाळिंब फवारणी शेड्यूल'.

"हा कुठला फोटो आहे?"

"डेअरीतला. भितीवर लावलीया की. आण्णांनीच लॅमिनेशन करून आनली."

मग मी आत गेले, सिस्टरांना स्टेरॉईडचं इंजेक्शन भरायला सांगितलं आणि स्वतः दिलं. बाहेरून बरेच महिने स्टेरॉईड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडून देतं. अशात गोळी एकाएकी बंद झाली, आणि तीही जुलाबाच्या आजारात, तर माणूस असाच कोसळतो. मुलाने नंतर सांगितलं, पोट बिघडलं म्हणून घरच्यांनी सगळ्या गोळ्या थांबवल्या होत्या, पोटाला आराम म्हणून. आमच्याकडे सगळे असंच करतात. माझी आईही करते.

दोन तासांनी बीपी नव्वद झालं. संध्याकाळी शंभरच्या वर गेलं आणि गुरुजींनी पाणी मागितलं. ते वाचले. त्या दोन तासांत मी मॉनिटरसमोरची खुर्ची सोडली नाही आणि आण्णांना फोनही केला नाही. काय विचारायचं ते मला सुचत नव्हतं.

ती चिठ्ठी आण्णांची होती. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्यांना चिकुनगुन्या झाला. ताप गेला, पण सांधे आखडले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. मी तपासलं, रक्त तपासलं, इतर औषधांनी भागेना म्हणून दहा दिवसांचा स्टेरॉईडचा कोर्स दिला. चिठ्ठी घरातच, जेवणाच्या ताटाशेजारी बसून लिहिली. आपल्या बापाच्या चिठ्ठीवर नाव कोण लिहितं? किती दिवस घ्यायची, कशी कमी करायची, हेही मी लिहिलं नाही. ते मी तोंडी सांगितलं, आणि रोज सकाळी फोन करून घेतली का ते विचारलं. दहाव्या दिवशी म्हटलं, आण्णा, बंद करा. त्यांनी केली.

गावात इतर कोणाला असा फोन गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी उशीला टेकून बसले होते. मी स्टूल ओढून बसले. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"गुरुजी, तुम्हीसुद्धा?"

त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "अक्षर तुझं होतं ना," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं असतं तर नसती घेतली. लांबून वाचता येत होतं."

मी त्यांची नाडी धरली.

"पहिल्या आठवड्यात गुडघा असा मोकळा झाला की मी कालव्यापर्यंत चालत गेलो. म्हटलं, आपली पोरगी हुशार निघाली. तुला कशाला त्रास द्यायचा. सहा महिने झाले बघ." मग ते जरा हसले. ते हसणं बघवत नव्हतं. "आयुष्यभर पोरांना कॉपी करू दिली नाही, अन् म्हातारपणी मीच शेजारच्याची चिठ्ठी बघून गोळी खाल्ली. मला शून्य दे."

त्यांची शुगर वाढू लागली होती, हाडं ठिसूळ झाली होती. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून मी गावी गेले. घरी न जाता सरळ डेअरीत. आमची डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली, एक वजनकाटा, फॅट काढायचं मशीन आणि ओटा. गावातली सगळी माणसं दिवसातून दोनदा तिथे येतात, म्हणून जे सगळ्यांना कळायला हवं ते तिथल्या भिंतीवर असतं: दुधाचा दर, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, फवारणीचं शेड्यूल. ज्याच्या डाळिंबाचा बहार चांगला येतो, तो आपलं शेड्यूल तिथे लावतो. कोणतं औषध, किती, कितव्या दिवशी. हा आमच्याकडचा रिवाजच आहे. शेड्यूल लपवणाऱ्या माणसाला गावात कद्रू म्हणतात आणि त्याच्या घरच्या लग्नाला लोक मानाची टोपी घालून येत नाहीत, अशी थट्टा आहे.

काट्यामागे तात्या बसले होते. ते डेअरीचे सेक्रेटरी. रांगेत दहा-बारा जण होते.

"या, डॉक्टरीनबाई," तात्या म्हणाले. "आता म्हशीचं बीपी बगायला आला का?"

"म्हशीचं नको, तात्याचं बघा," मागून कोणीतरी म्हणालं. "फॅट लावताना त्यांचा हात लटपटतोय."

लोक हसले. मी भिंतीकडे बघत होते. फोटोत दिसली तशीच चिठ्ठी तिथे होती. स्वच्छ लॅमिनेशन, चारी कोपऱ्यांना खिळे. नुसता ठेवणीतला कागद नव्हता तो. बोटांनी ओळ धरून वाचल्याचे डाग त्यावर होते. माझ्या सहीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा चुन्याचा ठसा होता.

मी पहिला खिळा उपटला आणि दुसऱ्याला हात घातला.

"अगं बाय, काडू नगंस," रांगेतल्या एक काकू म्हणाल्या. "माजा फोटू काडायचा ऱ्हायलाय. सुनंला फोन आनायला सांगितलाय."

माझा हात थांबला. मी वळून विचारलं, "ही गोळी कोण कोण घेतंय?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. माझा आवाज चढला असावा, कारण हसणं बंद झालं होतं.

"घेत्यात की," तात्या हळूच म्हणाले. "म्या घेतो. कंबरंला."

"मी बी."

"आमच्यात म्हातारी घेती."

मी मोजत गेले. तिथे असलेले आणि घरी असलेले धरून सात जण. गावातल्या मेडिकलमध्ये कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. गावच्याच मुलीची चिठ्ठी, त्यात विचारायचं काय. मी फाडून टाकायला आले होते. सात आकडा ऐकल्यावर लक्षात आलं की फाडताही येत नाही. मी कागद काढून नेला असता, तर घाबरून सातही जणांनी त्याच दिवशी गोळी बंद केली असती, आणि गुरुजींसारखे एकेक करून पडले असते. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. परीक्षेला नाही, आयसीयूतल्या पहिल्या ड्यूटीलाही नाही.

"ऐका," मी म्हटलं. "ही गोळी वाईट आहे असं आज मनात आणू नका. आज कोणी बंद करायची नाही. मी एकेकाला बघून सांगेन कशी कमी करायची ते. तोवर कोणी सोडायची नाही आणि नव्याने कोणी धरायची नाही."

"मंजे घ्यायची का न्हाय घ्यायची?" तात्यांनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं.

"तात्या, गुरुजी आयसीयूत आहेत. ही गोळी एकदम सोडल्यानं."

गुरुजी पडल्याचं गावाला माहीत होतं. कशाने ते माहीत नव्हतं. त्या सातांपैकीच एक मावशी रांगेच्या शेवटी उभ्या होत्या, किटलीत लिटरभर दूध घेऊन. त्या अगदी हळू म्हणाल्या, "माजी संपलीया परवाच. आज आनायची व्हती. कालपासनं गरगरतंय जरा."

मी त्यांना ओट्यावर बसवून बीपी घेतलं. मग उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर वीसने खाली आलं आणि त्यांनी माझा खांदा धरला. मी तात्यांना त्यांच्या घरी निरोप द्यायला सांगितला, मेडिकलमधून गोळी मागवून तिथेच त्यांना दिली आणि बारामतीला सोबत नेईपर्यंत ओट्यावर आडवं निजवलं. एक दिवस उशीर झाला असता तर, हा विचार मी तेव्हा केला नाही. तो नंतर यायला लागला, आणि अजून येतो.

तेवढ्यात आण्णा आले. मोटारसायकलला दुधाचे कॅन लटकावलेले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. मग त्यांना भिंतीवर तीन खिळ्यांवर लटकलेला, एक कोपरा सुटलेला कागद दिसला.

"काय झालं गं?"

मी सांगितलं. आवाज न चढवता, सगळं. सात जण, मावशी, गुरुजी. आण्णांनी गाडी स्टँडला लावली नाही, तशीच पायांवर तोलून धरली. कॅनमधलं दूध हिंदकळत होतं.

"गुरुजी?" ते म्हणाले. एवढंच दोनदा म्हणाले.

"आण्णा, का लावली तुम्ही ही?"

"मला गुन आला. चौथ्या दिशी मी बागंत गेलो." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "आपल्या बागंला गुन आला तर शेड्यूल दाबून ठिवायचं? तसलं आपल्या घरात कुनी केलं न्हाय. तुज्याकडं गर्दी, त्यात गावची मानसं सारखी तुज्या दारात. म्हनलं, पोरीला ताप नगं."

मला रागवायचं होतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते. पण मला ते वर्ष आठवलं, मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते आणि आमच्या बागेत तेल्या रोग शिरला होता. फळांवर काळे डाग, झाडाखाली सडा. पलीकडच्या गावच्या एका बागायतदाराने आपलं शेड्यूल स्वतः येऊन आण्णांना दिलं होतं, ओळख नसताना. ती बाग वाचली म्हणून मी शिकले. आण्णांनी तोच धडा गिरवला होता. आणि माझा वाटा होताच. नावाची जागा मी कोरी सोडली होती.

"चुकलं का माजं?" त्यांनी विचारलं.

"दोघांचं चुकलं."

ते मानेनेच हो म्हणाले आणि कॅन उतरवू लागले. थोडं दूध ओट्यावर सांडलं. तात्या एरवी त्यावर काहीतरी बोलले असते.

घरी असलेल्यांना बोलावून घेऊन, एकेकाला तपासून मी तिथेच डेअरीच्या पावत्यांच्या मागे सात चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येकीवर पूर्ण नाव, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. किती दिवस कोणती मात्रा, कधी कमी, कधी थांबायचं, आजारी पडलं तर काय करायचं. एरवीपेक्षा मोठ्या अक्षरात. एका चिठ्ठीला दहा मिनिटं लागत होती. रांग आपोआप शांतपणे बाजूने सरकत राहिली. शेवटची चिठ्ठी देऊन झाल्यावर मी भिंतीवरचा कागद काढून घेतला आणि मावशींना गाडीत घेऊन बारामतीला निघाले. पुढचे कित्येक आठवडे दर रविवारी मी गावी जात होते. सातही जण हळूहळू गोळीतून बाहेर आले. मावशींना सगळ्यांत जास्त वेळ लागला.

गुरुजी बाहेर आले नाहीत. त्यांना रोज एक छोटी मात्रा घ्यावी लागते, बहुधा कायमची. घरी सोडताना मी त्यांना खिशात ठेवायला एक कार्ड लिहून दिलं: यांना स्टेरॉईड चालू आहे, अचानक बंद करू नये. त्यांनी हात सरळ करून ते लांब धरलं. मी शाळेतल्यासारखी उभी होते. वाचून झाल्यावर त्यांनी कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं.

या वर्षी आण्णांना खोकला झाला. ते दवाखान्यात आले आणि इतर पेशंटच्या रांगेत बसले. नंबर आल्यावर समोरच्या खुर्चीत बसले. मी तपासलं, आणि लेटरहेड पुढे ओढून विचारलं, "नाव?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, मुक्काम, तालुका.

"वय?"

"तुला ठावं न्हाय?"

"सांगा."

"लिव्ह, सदुसष्ट."

मी लिहिलं. औषधापुढे दिवस लिहिले, बंद कधी करायचं ते लिहिलं. त्यांनी चिठ्ठी घेतली, वरपासून खालपर्यंत वाचली आणि आपल्या नावावर बोट ठेवलं.

"आता ही दुसऱ्या कुनाच्या उपेगाची न्हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाही." त्यांनी तिची घडी घातली, एकदा, मग आणखी एकदा, आणि टोपीच्या आत ठेवली.